दुर्मिळ वाद्याची किंमत : पेडल स्टील गिटारच्या निमित्ताने

अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठात आपण शिकतो की मागणी कायम राहून पुरवठा कमी झाला तर किंमत वाढते. परीक्षेत हे वाक्य लिहिले की गुण मिळतात. परंतु त्यातले 'मागणी कायम राहून' हे शब्द आपण घाईघाईने वाचतो आणि 'दुर्मिळ ते महाग' असा सोपा अर्थ करून मोकळे होतो. हा अर्थ कितपत खरा आहे हे तपासण्यासाठी मी एक असे वाद्य निवडले आहे, जे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलेही नसेल. ते म्हणजे अमेरिकेतील पेडल स्टील गिटार. या वाद्याचा एखादा जुना, दुर्मिळ आणि जगावेगळा नमुना विकायचा झाला तर त्याची किंमत कशी ठरते, आणि विकणाऱ्याने काय काळजी घ्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मी द्वितीय वर्ष कला वर्गात अर्थशास्त्र शिकते. संगीताचे माझे ज्ञान भजनाच्या पेटीपुरते आहे, हे आधीच सांगून टाकते.

वाद्याची ओळख

गिटार म्हटले की गळ्यात अडकवलेले वाद्य डोळ्यांपुढे येते. पेडल स्टील गिटार मात्र चार पायांवर टेबलासारखी उभी असते आणि वादक तिच्यासमोर बसून वाजवतो. डाव्या हातातली पोलादी कांडी तो तारांवरून सरकवतो आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतो. तारा बहुधा दहा असतात. पुष्कळ वाद्यांत एकाच चौकटीवर दहा-दहा तारांचे दोन संच असतात. खाली पायाने दाबायची पेडले आणि गुडघ्याने ढकलायच्या तरफा असतात. पेडल दाबले की वाद्याच्या पोटातल्या सळ्या ओढल्या जातात आणि ठरावीक तारांचा स्वर चढतो किंवा उतरतो.

हे आपल्या भाषेत असे सांगता येईल. समजा, तीन तारा सा, ग आणि प या स्वरांत लावल्या आहेत. प्रचारातल्या मांडणीत पहिले पेडल दाबले की प चा ध होतो आणि दुसरे दाबले की ग चा म होतो. म्हणजे कांडी जागची न हलवता सा-ग-प चे सा-म-ध होते, आणि तेही तारा वाजत असतानाच. एक स्वर स्थिर आणि त्याच्या शेजारचे दोन स्वर हळूच वर सरकताहेत, असा तो परिणाम असतो. कोणते पेडल कोणत्या तारेला काय करते याच्या तक्त्याला वादक मंडळी 'कोपेडेंट' म्हणतात. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण विक्रीच्या वेळी सगळा घोळ त्याच्याभोवतीच होतो.

थोडा इतिहास

तारांवर पोलाद सरकवून गिटार वाजवण्याची रीत हवाई बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. तिचे श्रेय बहुधा जोसेफ केकुकू यांना दिले जाते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताची अमेरिकेत लाट आली. १९३२ मध्ये विजेवर चालणारी स्टील गिटार बाजारात आली.

ही लाट आपल्याकडेही पोहोचली. हवाईचे वादक टाउ मो १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहत होते. मुंबईत व्हॅन शिप्ली यांनी विजेच्या हवाईयन गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी तर याच वाद्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्धच आहे. पेडले मात्र आपल्याकडे रुजली नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण संगीतातच आहे. आपल्याला एकच सुरावट हवी असते आणि मींड कांडीने उत्तम निघते. तीन-चार स्वर एकदम वाजवून ते सतत बदलत ठेवण्याची गरज पाश्चात्त्यांची.

त्या गरजेतून तिकडे पेडले आली. गिब्सन कंपनीची 'इलेक्ट्राहार्प' दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास निघाली, पण युद्धामुळे काम थांबले आणि सुरुवातीची वाद्ये फारच थोडी बनली. कॅलिफोर्नियात पॉल बिग्स्बी नावाचे एक कारागीर होते. ते मूळचे मोटारसायकलींच्या धंद्यातले. १९४८ मध्ये त्यांनी स्पीडी वेस्ट या वादकासाठी पेडलांची स्टील गिटार बनवली. १९५४ साली वेब पीअर्स यांचे 'स्लोली' हे गाणे गाजले. त्यात बड आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबले होते. तो आवाज ऐकून प्रत्येक वादकाला पेडले हवीशी झाली. आयझॅक्स यांच्या एकाच पेडलावरचे दोन बदल बडी एमन्स यांनी दोन पेडलांवर वाटून दिले. एमन्स यांनी शॉट जॅक्सन यांच्याबरोबर 'शो-बड' आणि पुढे १९६३ च्या सुमारास स्वतःच्या नावाची कंपनी काढली. फेंडर कंपनीनेही १९५० च्या दशकाच्या अखेरीस तारदोरांवर चालणारी पेडल गिटार आणली.

इतक्या तपशिलात जाण्याचे कारण असे की, त्या काळात सर्वमान्य नमुना ठरलेला नव्हता. कुणाच्या आठ तारा, कुणाच्या दहा. कुणाचे पेडल डावीकडून पहिले, तर कुणाचे उजवीकडून. म्हणून जुन्या पेडल स्टील गिटारींत 'जगावेगळे' नमुने एवढे सापडतात.

दुर्मिळतेचे तीन प्रकार

माझ्या मते अशा वाद्यांची दुर्मिळता तीन प्रकारची असते.

पहिला प्रकार म्हणजे मुळातच थोडी बनलेली वाद्ये. बिग्स्बी मागणीप्रमाणे एकेक वाद्य स्वतः घडवीत. काहींच्या दर्शनी भागावर वादकाचे नावच जडवलेले असे. हे वाद्य म्हणजे इतिहासाचा तुकडा, आणि संग्राहक त्यासाठी थांबून असतात.

दुसरा प्रकार म्हणजे बनली पुष्कळ, पण मूळ स्थितीत उरली थोडी. वादकाचे वाद्य हे त्याचे पोट भरण्याचे साधन. नवी तरफ हवी झाली की तो भोक पाडतो, पिकअप बदलतो, लाकूड पुन्हा रंगवतो. वादकाच्या दृष्टीने ही सुधारणा असते, तर संग्राहकाच्या दृष्टीने नुकसान. एकाच भोकाने एकाकडे किंमत वाढते आणि दुसऱ्याकडे उतरते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात घेण्याजोगे आहे.

तिसरा प्रकार फसवा आहे. वाद्य जगात एकच असते, कारण ते दुसऱ्या कुणाला नकोच होते. एखाद्याने स्वतःच्या सोयीने तारा आणि पेडले उलटसुलट लावून घेतली, तर ते वाद्य म्हणजे अक्षरांची जागा बदललेला टंकलेखनयंत्राचा फलक. ज्याचा त्याला सोपा, इतरांना निरुपयोगी. येथे पुरवठा एक आहे आणि मागणी शून्य. 'दुर्मिळ ते महाग' हा नियम इथे कोसळतो. अर्थात याला अपवाद आहे. स्नीकी पीट क्लाइनो यांनी आठ तारांच्या फेंडरवर स्वतःची निराळी मांडणी वापरली आणि ते नावाजले गेले. अशा वादकाचे वाद्य त्याच्या विचित्र मांडणीसकट मोलाचे ठरते. म्हणजे विचित्रपणाला किंमत येते ती त्यावर वाजलेल्या संगीतामुळे.

जाणणारा आणि न जाणणारा

असे वाद्य विकायला येते ते पुष्कळदा वादकाच्या मागे, त्याच्या पत्नीच्या किंवा मुलांच्या हातून. त्यांना ते वाजवता येत नाही. ज्याला येत होते तो राहिला नाही. समोरचा गिऱ्हाईक मात्र जाणकार असतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. विकणाऱ्याला दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा स्थितीत चांगला मालसुद्धा बाजारातून हटतो, असे त्यांनी दाखवले. २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या उदाहरणात पारडे उलटे आहे. इथे घेणाऱ्याला गुण ठाऊक आहेत आणि विकणाऱ्याला नाहीत.

हे मला पुस्तकापेक्षा घरात आधी समजले. आजी सांगते, १९७२ च्या दुष्काळात तिने लग्नातले तांब्याचे घंगाळ मोडीत दिले. त्याच्या काठावर नक्षी होती, घडवणाऱ्याने केलेली बारीक खूण होती. दुकानदाराने ते काट्यावर टाकले आणि वजनाचे पैसे दिले. त्याने फसवले असे आजी म्हणत नाही. ती एवढेच म्हणते, "मला सांगता आलं नाही, आणि त्याने विचारलं नाही." आमच्या घरात महाविद्यालयापर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. म्हणून 'सांगता येणे' याची किंमत मला रुपयांत मोजता येते. पेडल स्टील गिटारचीही मोड होते. संपूर्ण वाद्याला गिऱ्हाईक नसेल तर पिकअप, सळ्या, पेडले सुटी करून विकली जातात आणि वाद्य संपते.

विकणाऱ्याने काय करावे

पहिली गोष्ट म्हणजे वाद्याची नीट ओळख पटवावी. कारखान्याचे नाव, नमुना आणि क्रमांक पाहून लिहून घ्यावा. अंदाजाने काही सांगू नये. वरच्या बाजूबरोबर पोटाचेही छायाचित्र काढावे, कारण जाणकार आधी पोट पाहतो.

दुसरे, कोपेडेंटचा तक्ता लिहावा. तारा किती, प्रत्येकीचा स्वर कोणता, प्रत्येक पेडल आणि तरफ काय करते, हे त्यात यावे. स्वतःला येत नसेल तर वाजवणाऱ्याला बोलावून लिहून घ्यावे.

तिसरे, मूळचे काय आणि बदललेले काय ते उघड सांगावे. काढून टाकलेले जुने भाग पेटीत पडले असतील तर ते फेकू नयेत, वाद्याबरोबरच द्यावेत.

चौथे, घासूनपुसून नवे करण्याचा मोह टाळावा. जुना लाखेचा थर एकदा खरवडला की परत येत नाही.

पाचवे, थोर वादकाने वाजवले होते असे सांगायचे असेल तर पावती, पत्र, छायाचित्र असा पुरावा ठेवावा. पुराव्यावाचून ती नुसती गोष्ट होते.

सहावे, भावाची चौकशी करताना लोक किती मागतात ते न पाहता प्रत्यक्ष किती मिळाले ते पाहावे. आमच्याकडे बैलबाजारात घेणारा बैलाचे दात बघतो, चालवून पाहतो आणि सौदा रुमालाखाली बोटांनी होतो. माझे वडील म्हणतात, बाजारात ओरडून सांगतात तो भाव नव्हे, रुमालाखाली ठरतो तो भाव. दुर्मिळ वाद्यांचेही तसेच आहे. मागितलेला आकडा सगळ्यांना दिसतो, ठरलेला दोघांनाच ठाऊक असतो. म्हणून एकाऐवजी तीन-चार जाणकारांना विचारावे आणि घाई करू नये.

शेवटचे म्हणजे पाय आणि पेडलांची पट्टी काढून वाद्य त्याच्या पेटीत बसवूनच पाठवावे. दोन संचांचे जुने वाद्य फार जड असते. सैल बांधले तर स्वतःच्याच वजनाने मोडते.

संग्राहकाला द्यावे की वादकाला?

संग्राहकाला मी नावे ठेवणार नाही. त्याच्यामुळे कित्येक वाद्ये मोडीतून वाचली. तरीही मागणी मुळात वादकच निर्माण करतात. अमेरिकेतल्या 'हाउस ऑफ गॉड' या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये स्टील गिटार प्रार्थनेत वाजते, आणि रॉबर्ट रँडॉल्फ हे त्याच परंपरेतून पुढे आले. नायजेरियाचे किंग सनी अडे यांनी आपल्या जुजू संगीतात पेडल स्टील आणली. जिथे नवे हात वाद्यावर पडतात, तिथेच जुन्या वाद्याला मोल राहते. वाजवणारा शेवटचा माणूस गेला की संग्राहकाचाही उत्साह फार काळ टिकायचा नाही. म्हणून दोन गिऱ्हाइकांच्या भावात थोडाच फरक असेल, तर वाजवणाऱ्याला द्यावे असे माझे मत आहे. फरक मोठा असेल आणि घरात गरज असेल, तर जास्त देणाऱ्याला द्यावे. गरजवंताला त्यागाचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही.

तात्पर्य, दुर्मिळता ही किंमत नव्हे. दुर्मिळ वस्तूची माहिती आणि ती जाणणारी माणसे मिळून किंमत तयार होते. माहिती नसेल तर वस्तू वजनावर जाते, मग ती अमेरिकेतली असो की आपल्या गावातली.

आपल्या महाविद्यालयाच्या संगीत मंडळाच्या कपाटात दोन जुन्या पेट्या, एक दिलरुबा आणि भात्याला छिद्र पडलेली एक सुरपेटी आहे. त्या कोणी घडवल्या आणि कोणी दिल्या याची नोंद कुठे नाही. ज्या सेवानिवृत्त प्राध्यापकांना हे ठाऊक आहे ते आज गावातच राहतात. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आपण चार-पाच जणांनी त्यांच्याकडे वही घेऊन जावे, अशी माझी सर्व विद्यार्थिमित्रांना विनंती आहे. वही मी आणीन.