प्रतिरूपाचे भय

भयपटातील संकट बहुधा बाहेरून येते. जॉर्डन पील दिग्दर्शित ‘अस’ (२०१९) या अमेरिकन चित्रपटात मात्र ते आपलाच चेहरा घेऊन येते. १९८६ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील आरसेमहालात छोट्या ॲडलेडला हुबेहूब आपल्यासारखी मुलगी दिसते. ती मोठी झाल्यावर एका रात्री तिच्या दारात सबंध कुटुंबाची प्रतिरूपे उभी राहतात. लुपिता न्योंगो यांनी ॲडलेड व तिचे प्रतिरूप या दोन्ही भूमिका केल्या आहेत. चेहरा तोच, पण घोगरा आवाज आणि ताठर चाल यांमुळे ओळखीचे रूपच परके वाटते. ही प्रतिरूपे भुयारात वंचित आयुष्य कंठत होती, हे कळल्यावर भीतीत अपराधभाव मिसळतो. म्हणूनच हे भय चित्रपट संपल्यावरही मनात उरते.

विचार करा : ‘अस’ म्हणजे ‘आपण’. हे शीर्षक तुम्हांला सार्थ वाटते का? का?