गंज, पत्रा आणि एक जपानी मोटार

(द्वितीय वर्ष कला)

कला शाखेच्या वार्षिकात मोटारीवर लेख कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. जुनी देवळे, किल्ले, पोथ्या यांच्या जतनाविषयी आपण इतिहासाच्या तासाला ऐकतो व त्याला अभ्यास म्हणतो. जुन्या मोटारीचा पत्रा ठोकून ती पूर्ववत करणारा मात्र आपल्या लेखी केवळ गॅरेजवाला असतो. वास्तविक दोघांपुढचा प्रश्न एकच आहे. जुने किती राखायचे, नवे किती घालायचे, आणि नवे घातल्यावर वस्तू तीच राहिली असे कशाच्या आधारे म्हणायचे? हा प्रश्न एका जपानी स्पोर्ट्स मोटारीच्या निमित्ताने येथे मांडावयाचा आहे.

ही मोटार निसान कंपनीची. ऑक्टोबर १९६९ मध्ये ती जपानात 'फेअरलेडी झेड' या नावाने जाहीर झाली. अमेरिकेतील विक्रीची धुरा युताका कातायामा यांच्याकडे होती. त्यांना हे नाटकी नाव मुळीच रुचले नाही, म्हणून तेथे ती 'डॅटसन २४० झेड' झाली. (हे कातायामा २०१५ साली वयाच्या १०५ व्या वर्षी वारले. मोटारवाल्यांत एवढे आयुष्य विरळाच!) बाह्याकृतीचे काम योशिहिको मात्सुओ यांच्या हाताखाली झाले. लांब नाक, मागे उतरत जाणारे छप्पर, सहा सिलिंडरचे २,३९३ घनसेंटिमीटरचे इंजिन, वजन टनाच्या आसपास आणि अमेरिकेतील किंमत ३,५२६ डॉलर. तशाच ताकदीच्या युरोपीय गाड्यांना याहून पुष्कळ अधिक पैसे पडत. पुढे २६० व २८० झेड निघाल्या आणि १९७८ पर्यंत सर्व मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. पूर्व आफ्रिकेतील खडतर सफारी रॅली २४० झेडने १९७१ व १९७३ अशी दोनदा जिंकली. दुसऱ्या खेपेस चालक होता युगांडात जन्मलेला, भारतीय वंशाचा शेखर मेहता.

मी ही गाडी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. माझा अभ्यास झाला तो कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेवर. पुस्तिका इंग्रजीत आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील सातवीपर्यंत शिकले आणि तीस वर्षे डेंटिंगचे काम करीत आले आहेत. रात्री जेवणानंतर मी एकेक पान मराठीत सांगत असे आणि ते मध्येच थांबवून "हे बरोबर लिहिलंय" किंवा "हे एवढ्यावर भागत नाही" असे म्हणत. या लेखातील बरीच माहिती त्या "भागत नाही" मधून आलेली आहे.

सामान्य माणसाला वाटते की जुन्या मोटारीत इंजिन हेच मोठे दुखणे. २४० झेडच्या बाबतीत तसे नाही. तिचे लोखंडी ब्लॉकचे इंजिन फार टिकाऊ समजले जाते. तिचा खरा वैरी गंज. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दरवाजाखालचे पट्टे, पुढून मागे गेलेल्या पत्र्याच्या दोन पोकळ पट्ट्या, हे सगळे एकमेकांना जोडून झालेली पेटी म्हणजेच गाडीचा सांगाडा. त्या काळचा पत्रा पातळ आणि गंजरोधक लेप अपुरा. शिवाय अमेरिकेच्या थंड भागात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. खारे पाणी पोकळ पट्ट्यांत शिरले की बाहेर यावयाचे नाव घेत नाही, आणि पत्रा आतून बाहेर खात येतो. बाहेर रंगावर फोड दिसतो तेव्हा आतले काम बहुधा आटोपलेले असते. बॅटरीखालचा पत्रा आम्लाने जातो, मागच्या चाकापुढचा कोपरा मातीने जातो, सुट्या चाकाची खळगी साचलेल्या पाण्याने जाते. ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशातील गाडीचा पत्रा शाबूत राहतो, पण उन्हाने डॅशबोर्डला चिरा पडतात. काहीतरी गेलेले असतेच.

गाडी विकत घेणाऱ्याला हे दिसू नये म्हणून भोकांवर लांबी भरून, घासून, वर चकचकीत रंग मारणारेही असतात. यावर वडिलांचा उपाय साधा आहे. खिशात एक चुंबक ठेवावा व शंका येईल तेथे लावून पाहावा. पत्र्याला तो धरतो, लांबीवर घसरतो. परदेशातले जाणकारही हेच करतात, हे मी सांगितले तेव्हा त्यांना विशेष आश्चर्य वाटले नाही. "दुसरं काय करणार?" एवढेच ते म्हणाले.

सडलेला भाग कापून नवा जोडणे हे पुढचे काम. येथे क्रमाला महत्त्व आहे. पेटीचा तळ कापला की उरलेली पेटी वाकते, आणि वाकलेल्या अवस्थेत नवा तळ जोडला तर दरवाजे पुन्हा कधीच नीट बसत नाहीत. म्हणून कापण्यापूर्वी दरवाजाच्या पोकळीत आडवे-तिरपे पाईप वेल्ड करून सांगाडा जखडतात. पुस्तिकेत गाडीच्या पोटाच्या कोणत्या भोकापासून कोणते भोक किती अंतरावर असावे याचा नकाशा आहे. त्याबरहुकूम मापे घेतात, दरवाजा बसवून फट सारखी आहे का पाहतात आणि मगच कटरला हात लावतात. नवा पत्रा एका दमात वेल्ड करीत नाहीत. एक टाका येथे, दुसरा वीतभर अंतरावर, मधल्या वेळात पत्रा निवू द्यायचा. नाहीतर उष्णतेने तो पापडासारखा लाटा घेतो. आधीच ताणून फुगलेला पत्रा असेल तर त्यावर नाण्याएवढा ठिपका लाल करून ओल्या फडक्याने दाबतात, की तो आकसतो. हा ठिपका कोठे द्यायचा, हे मी वडिलांना तीन-चार वेळा विचारले. ते तळहात पत्र्यावरून फिरवून दाखवतात. शब्दांत त्यांनाही सांगता येत नाही आणि पुस्तिकेतही ते नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तळ नवा, पट्टे नवे, कोपरे नवे. मग ती १९७० ची गाडी कशी? कागदोपत्री उत्तर सोपे आहे. इंजिनखान्याच्या मागील भिंतीवर चासी नंबर ठोकलेला असतो व पुढे लावलेल्या पाटीवर इंजिन नंबरही असतो. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या निर्यातीच्या गाड्यांचा नंबर 'एचएलएस ३०' ने सुरू होतो. हे नंबर जुळले की बाजार संतुष्ट. परंतु बाजाराचे उत्तर हेच अभ्यासकाचे उत्तर नव्हे. जपानातच इसे येथील शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने जसेच्या तसे बांधतात. अलीकडे ते २०१३ साली बांधले गेले. तेथे लाकूड जुने नसते, बांधण्याची विद्या जुनी असते. मला वाटते, मोटारीच्या ज्या भागावर माणसाचा जीव अवलंबून आहे, त्या भागाला हाच नियम लावावा. सडलेला तळ केवळ 'मूळचा' म्हणून राखणे हा दुराग्रह होय. उलट झिजलेले लाकडी स्टिअरिंग, फिकी पडलेली घड्याळे, चिरा गेलेला डॅशबोर्ड यांना होता होईल तो हात लावू नये. काही हौशी लोक या गाडीत आठ सिलिंडरचे अमेरिकन इंजिन बसवितात. गाडी पळते खरी, पण त्याला पुनरुज्जीवन म्हणणे मला पटत नाही.

इंजिनाविषयी थोडक्यात लिहितो. हेड उतरवताना टायमिंग चेनचा ताण सुटला तर तिला दाबून धरणारा टेन्शनर आत निसटतो व पुढचे सगळे खोलावे लागते. म्हणून आधी चेनच्या मधोमध लाकडाची पाचर ठोकतात. सुताराची पाचर अशी स्पोर्ट्स मोटारीच्या पोटात उपयोगी पडते! मागच्या चाकाच्या आर्ममधून जाणारी एक लांब पिन असते. ती गंजून अशी जाम बसते की दिवसेंदिवस तेल पाजून, तापवून, शेवटी प्रेसवर दाबून काढावी लागते. टॅपेटचे अंतर थंड इंजिनात इनलेटला ०.२० व एक्झॉस्टला ०.२५ मिलिमीटर. दोन कार्बोरेटर एसयू पद्धतीचे आहेत. आमच्या भागातील एका वयस्क मिस्त्रींना मी चित्र दाखविले, तेव्हा "हा तर ॲम्बेसेडरचाच भाऊ" असे ते लगेच म्हणाले, कारण ॲम्बेसेडरलाही एसयू कार्बोरेटर असे. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात की नाही हे रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून, फुसफुस ऐकून ठरविता येते.

कंपन्यांनीही हे काम करून पाहिले आहे. १९९६ साली अमेरिकेत झेडची विक्री थांबली, तेव्हा निसानने जुन्या २४० झेड विकत घेऊन, कॅलिफोर्नियातील कार्यशाळांकडून पूर्ववत करवून, सुमारे २५ हजार डॉलरला विकण्याची योजना काढली. चाळीसच्या आसपास गाड्या झाल्या व योजना आटोपली. नकाशे कंपनीचे, नाव कंपनीचे, गिऱ्हाईकही होते. मग अडले कोठे? माझ्या मते हाताच्या कामाच्या तासांवर. पत्रा दाबणारे यंत्र मिनिटात जो भाग काढते, तोच जुन्या गाडीवर जुळवायला माणसाचे दिवस जातात. २०१७ साली माझदाने हिरोशिमा येथे आपल्या पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी अशीच सेवा जाहीर केली आणि बंद झालेले सुटे भाग पुन्हा काढले. ब्रिजस्टोनने त्या गाडीचे जुन्या नक्षीचे टायरही पुन्हा तयार केले. त्याच जपानात नोंदणीनंतर १३ वर्षे उलटलेल्या पेट्रोल गाडीवर मात्र कर वाढतो. कंपनी जुने राखू पाहते, सरकार ते मोडीत निघावे असे पाहते. दोघांचीही कारणे त्यांच्या जागी ठीक आहेत.

आमच्याकडे आता पत्रा ठोकण्यापेक्षा बदलण्याकडे कल आहे. अपघाताची गाडी आली की नवा फेंडर मागवायचा, रंगवून बसवायचा. वडिलांच्या हाताखाली पूर्वी तीन मुले शिकत; हल्ली एकच आहे, आणि तोही रंगकामाकडे वळू म्हणतो. मी स्वतः तर कॉलेजातच आलो. ते याविषयी काही बोलत नाहीत, पण ठिपक्याचे ते पान मी वाचून दाखविले त्या रात्री त्यांनी विचारले, "हे सगळं लिहून ठेवणार आहेस का?" मी होय म्हटले. तेव्हा लांबी भरण्यापूर्वी पत्रा कितपत घासावा इथपासून त्यांनी मला दोन तास लिहून घ्यायला लावले. ती वही माझ्याजवळ आहे.

पूर्ववत झालेल्या गाडीची निगा हे काम कंटाळवाणे, पण स्वस्त. ती महिनोन्महिने झाकून ठेवू नये. दर पंधरवड्याला इंजिन पुरते गरम होईल इतकी चालवावी. हेड ॲल्युमिनियमचे व ब्लॉक लोखंडाचा असल्याने रेडिएटरमध्ये नुसते पाणी भरू नये, गंजरोधक कूलंट वापरावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. म्हणून त्या नळ्या नव्या प्रतीच्या घालाव्यात. वेल्ड केलेल्या पोकळ पट्ट्यांत मेणाचा फवारा मारावा. आणि पावसाचे दिवस सुरू होण्यापूर्वी पुढच्या काचेखालील जाळीत अडकलेली पाने काढून, निचऱ्याची दोन्ही भोके तारेने मोकळी करून, तांब्याभर पाणी ओतावे व ते दोन्ही बाजूंनी खाली पडते की नाही हे वाकून पाहावे.