क्षेमाभिवृद्धी आणि कुशलवृत्त : बेंगळुरूतील रहिवासी संघांविषयी

बेंगळुरूच्या वसाहतींतून 'निवासिगळ क्षेमाभिवृद्धि संघ' अशा कन्नड पाट्या जागोजाग आढळतात. रहिवाशांच्या संघटनेचे हे रूढ नाव होय. त्यातील 'क्षेम' हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. त्याचे दोन परंपरागत अर्थ ध्यानी घेतले असता संघ आणि रहिवासी यांच्या संबंधातील एक मूलभूत अडचण स्पष्ट होते.

पहिला अर्थ संस्कृत परंपरेतील. 'योगक्षेम' या समासाची फोड करताना, न मिळालेले मिळविणे तो योग व मिळालेले राखणे ते क्षेम, असे सांगितले जाते. या अर्थी, ज्याच्यापाशी काही आहे त्याचेच क्षेम संभवते. कर्नाटकाच्या १९७२ च्या सदनिका-मालकी कायद्यातील संघ हाही मालकांचाच संघ आहे. पाणी, कचरा, पहारा यांविषयीच्या निर्णयांचे परिणाम भाडेकरूही भोगतो. परंतु त्या कायद्याच्या दृष्टीने तो संघाचा घटक नव्हे. पाटीवर 'निवासी' असतो, नोंदवहीत मात्र 'मालक'. सभासदांपुढे हिशेब मांडला की पारदर्शकतेचे कर्तव्य पुरे झाले, हा समज या अंतरातूनच उद्भवतो.

दुसरा अर्थ मराठी पत्रव्यवहारात दिसतो. पेशवेकालीन पत्रांच्या आरंभी इकडील क्षेम कळवून तिकडील क्षेम लिहिण्याची विनंती केलेली असे. सांगणे व विचारणे ही तेथे एकाच वाक्याची दोन अंगे होती. संघाची सूचना बहुधा पहिल्या अंगापाशीच थांबते. अमुक दिवशी पाणी येणार नाही, वर्गणी अमुक तारखेपर्यंत भरावी, एवढाच तिचा आशय. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या या शहरात ती अनेकदा केवळ इंग्रजीत निघते, आणि उत्तर कोणाकडे द्यावे हे तीत नमूद नसते.

वस्तुतः विचारण्याची प्रथा या शहराला अपरिचित नाही. सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये येथील सार्वजनिक सेवांचे, नागरिकांच्या मतांवर आधारलेले प्रगतिपत्रक प्रसिद्ध झाले. यंत्रणांना लावलेली ही कसोटी संघांनी स्वतःला लावून घेतल्याचे मात्र क्वचितच दिसते.

या उणिवेचे गांभीर्य अलीकडे वाढले आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. परंतु सप्टेंबर २०२० मध्ये बेंगळुरू महानगरपालिकेच्या निर्वाचित सदस्यांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे नगरसेवकच नव्हते. अशा काळात प्रशासनापुढे वसाहतीच्या वतीने बोलणारा संघ हा व्यवहारतः प्रतिनिधी ठरतो, आणि ज्यांनी त्याला निवडले नाही त्यांच्याही वतीने बोलतो.

म्हणून सभेचे इतिवृत्त व खर्चाचा तपशील वसाहतीतील भाषांतून लावणे, भाडेकरूंना सभेत बोलू देणे आणि आलेल्या तक्रारीचे लेखी उत्तर देणे, या तीन गोष्टी संघाच्या सौजन्यावर सोडता येणार नाहीत. पाटीवर 'निवासी' हा शब्द लिहिताच संघाने त्या पत्करलेल्या असतात.