होडींतलें पाणी कोठून येतें?

उल्हास नदी कल्याणास पोंचते तेव्हां ती धड नदी राहिलेली नसते आणि धड खाडीही झालेली नसते. दिवसांतून दोन वेळां समुद्राचें पाणी तिच्यांत वर चढतें व दोन वेळां उतरतें. याच मार्गानें पूर्वीं कल्याणचा व्यापार चाले. पेरिप्लस नांवाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत या बंदराचें नांव आलें आहे. इ. स. १६५७ त कल्याण-भिवंडी स्वराज्यांत आल्यावर शिवाजीमहाराजांनीं येथेंच आपल्या आरमाराचीं जहाजें बांधविण्यास आरंभ केला. १ मे १८५४ रोजीं आगगाडी कल्याणास आली आणि माल हळूहळू रुळांवर गेला. तरी खाडी वाहतच राहिली, व इ. स. २०१६ च्या कायद्यानें ती राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ चा भाग ठरली. इतिहास एवढा पुरे. आम्हांस आज आमच्या विद्यार्थिमित्रांशीं याच खाडींतील एका गळतीविषयीं बोलावयाचें आहे.

एका उन्हाळ्यांत दुर्गाडी किल्ल्याच्या खालच्या अंगास आमच्या परिचयाच्या एका वृद्ध तांडेलांची यांत्रिक होडी नांगरलेली होती. मासेमारीसाठीं ते चार-चार दिवस वसईच्या बाजूस जात, म्हणून होडीवर लहानसें स्वयंपाकघर, दोनशें लिटर गोड्या पाण्याची टाकी, तेथून तोटीपर्यंत रबरी नळी आणि पाणी लोटण्यास विजेचा छोटा पंप, अशी सोय होती. कांहीं दिवसांपासून रोज सकाळीं होडीच्या तळाशीं दोन बादल्या पाणी सांचूं लागलें. उपसावें, तों दुसऱ्या दिवशीं पुनः तितकेंच. तांडेलांच्या मुलानें निदान केलें कीं तळाची फळी उकलली; होडी किनाऱ्यावर ओढून सांधे पुनः भरल्याखेरीज गत्यंतर नाहीं. पावसाळा तोंडावर आलेला. होडी ओढली असती तर हंगामाचे अखेरचे पंधरा-वीस दिवस बुडाले असते, आणि त्या दिवसांच्या कमाईवरच त्या घराचे पावसाळ्याचे महिने निभावयाचे होते.

"बाबा, फळीच गेली आहे," असें मुलगा म्हणे. तांडेल एवढेंच म्हणाले, "फळी गेली कीं नाहीं तें मागाहून. आधीं हें पाणी कोणाचें तें पाहूं."

हा प्रश्न आम्हांस फार मार्मिक वाटला. होडीच्या तळाशीं दिसणारें पाणी खाडीचें असूं शकतें, पावसाचें असूं शकतें, यंत्र थंड ठेवण्यासाठीं बाहेरून ओढून घेतलेलें असूं शकतें, किंवा आपण स्वतःच टाकींत भरून आणलेलें असूं शकतें. सर्व पाणी उताराच्या वाटेनें अखेर एकाच खळग्यांत येतें. आपल्याकडील कौलारू घरांत हाच अनुभव येतो: फुटकें कौल असतें आढ्यापाशीं, पाणी वाशावरून घरंगळतें, आणि थेंब पडतो तो देव्हाऱ्यावर. देव्हाऱ्यावरचें कौल कितीही वेळां बदललें तरी गळती थांबत नाहीं.

प्रथम तांडेलांनीं बोट बुडवून जिभेस लावलें. पाणी मचूळ लागलें. मुलास वाटलें, आपलेंच खरें. परंतु तळाशीं पूर्वींचें थोडें खारें पाणी नेहमींच राहतें, त्यांत गोडें मिसळलें तरी चव मचूळच लागणार. तेव्हां तळ पुसून कोरडा केल्यावांचून चवीचा निवाडा धरतां येत नाहीं. शिवाय भर पावसाळ्यांत उल्हासेस पूर आला कीं कल्याणपाशीं खाडीचेंच पाणी गोडें होतें. त्या दिवसांत जीभ सर्वस्वीं निरुपयोगी. अशा वेळीं टाकींत जिलबीचा खाण्याचा रंग थोडासा टाकून तळाचें पाणी रंगतें कीं काय तें पाहावें.

तांडेलांनीं दुसरा उपाय केला, व तो आम्हांस अत्यंत आवडला. त्यांनीं तळ फडक्यानें कोरडा केला आणि ओहोटीची वाट पाहिली. ओहोटीस होडी चिखलावर बसली. चोहोंकडे पाण्याचा टिपूस नाहीं. दोन तासांनीं पाहतात तों तळाशीं पुनः पाणी! होडी चिखलावर असतां खाडी आंत कशी शिरणार? चोर घरांतलाच होता. मग मुलास आठवलें कीं, रात्रीं कोणी तोटी उघडली नसतांही पंप मधूनमधून खर्र करून थांबत असे. असले पंप नळींतील दाब उतरला कीं आपोआप चालूं होतात. तोटी बंद असतां पंप बोलला, तर पाणी दुसऱ्या कोणत्या तरी वाटेनें जात आहे असें समजावें. टाकी लवकर रिती होते म्हणून तो बिचारा खलाशांवर रागावत असे, तेंही आतां उलगडलें.

पुढचें काम आमच्या हातचें होतें, कारण खिशांत खडू होता. नळीच्या प्रत्येक जोडाखालीं आम्हीं खडूची भुकटी पसरली. अर्ध्या तासांत मोरीखालच्या एका जोडापाशीं भुकटी भिजून काळवंडली. नळीवरची धातूची पट्टी गंजून ढिली पडली होती व तेथून थेंब नळीच्या पोटावरून सरकत हातभर दूर जाऊन गळत होता. सेकंदास एक थेंब म्हटला तरी दिवसाचे सुमारें चार लिटर होतात. येथें तर बारीक धारच होती.

आतां पाण्याच्या दाबाविषयीं थोडें. पाणी नेहमीं अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातें. होडीच्या तळास भोंक पडलें तर अधिक दाब बाहेर असतो. म्हणून बाहेरून ताडपत्री ओढून बसविली तर खाडीचें पाणीच ती भोंकावर दाबून धरतें, आणि आंतून लावलेलें ठिगळ तेंच पाणी उखडून टाकतें. नळीची गोष्ट उलट. तेथें अधिक दाब आंत असतो, म्हणून वरून नुसतें चिकटविलेलें ठिगळ टिकत नाहीं. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी ताणून एकावर एक वेढे देत घट्ट गुंडाळावी लागते, आणि तीही बंदरास पोंचेपर्यंतच.

खाडीचें पाणी किती वेगानें शिरतें याचें गणित वरच्या वर्गांतील मुलांनीं अवश्य करावें. पाण्याच्या पातळीखालीं ४० सेंटिमीटर खोल असलेल्या भोंकांतून पाणी सेकंदास सुमारें २·८ मीटर वेगानें येतें. भोंक एक चौरस सेंटिमीटर असेल व धार आकसते म्हणून सहादशांश धरलें, तर मिनिटास दहा लिटर, म्हणजे तासास सहाशें लिटर. तेंच भोंक १० सेंटिमीटरच खोल असेल तर पाणी निम्म्यानें येतें. म्हणूनच जाणते खलाशी अशा वेळीं माल दुसऱ्या बाजूस सारून होडी कलती करतात; भोंक जितकें वर येईल तितकें बरें.

कित्येकांस वाटतें कीं आंत पाणी भरत गेलें म्हणजे बाहेरचें येणें आपोआप मंदावेल. तसें होत नाहीं. घरीं बिस्किटांचा रिकामा डबा घ्या, तो उभा तरंगावा म्हणून आंत चार खडे ठेवा, बुडास बारीक भोंक पाडा व बादलींत सोडा. आंतलें पाणी चढतें तसा डबाही खालीं जातो, आणि आंतल्या व बाहेरच्या पातळीतलें अंतर कांठ बुडेपर्यंत जवळजवळ तेवढेंच राहतें. हा प्रयोग न्हाणीघरांत करावा, माजघरांत नको. आमच्याकडे याविषयीं एका मातोश्रींची तक्रार आलेली आहे.

तांडेलांनीं मुलास प्रथम पंपाची वीज तोडावयास व टाकीची तोटी बंद करावयास लावलें. मग नळीचें चिरलेलें टोंक सरळ कापून काढलें, नळी पुरेशी लांब होती म्हणून ती पुनः जोडावर चढविली, आणि एका जुन्या पट्टीच्या जागीं न गंजणाऱ्या दोन नव्या आंवळल्या. सगळ्यास अर्धा तास लागला. लांकडी होडीस आंतलें गोडें पाणी बाहेरच्या खाऱ्या पाण्यापेक्षां अधिक कुजवितें, म्हणून तळाच्या फळ्या दोन दिवस उघड्या ठेवून वाळविल्या. पुढच्या ओहोटीस आम्हीं पुनः खडूची भुकटी टाकून बसलों. पाणी परत चढून होडी तरंगूं लागली तरी भुकटी पांढरीच होती, आणि दुसऱ्या दिवशींच्या ओहोटीबरोबर होडी वसईकडे गेली.