गोळी चुकवू नकोस, रंगही सोडू नकोस

अगं राणी, काल फोनवर म्हणालीस, "ताई, गोळ्या सुरू झाल्यापासून चित्रात जीवच येत नाही. थोडे दिवस बंद करून बघू का?" तेव्हा घरात पाहुणे होते, मोकळेपणाने बोलता आलं नाही. आता नीट सांगते.

तुझ्या त्या गोळ्या, म्हणजे लिथियम, आपल्या मनाने बंद करायचं नाही. एकदम सोडलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो, आणि तुझे मागचे दिवस मी जवळून पाहिलेत. ब्रश धरताना हात थरथरतो ना? मग ब्रश घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोर एक रेघ ओढून दाखव. डोस बदलता येतो, थरथर कमी करणारी गोळीही असते. रक्ततपासणी मात्र वेळच्या वेळी कर. आणि तू चित्रं काढतेस हे त्यांना ठणकावून सांग. झोप-भुकेइतकंच तेही त्यांना माहीत असायला हवं.

वेडाशिवाय कला नाही, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? सगळे व्हॅन गॉगचा दाखला देतात. 1889च्या मे महिन्यात तो सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला आणि वर्षभरात त्याने दीडशेच्या आसपास चित्रं काढली. लोक इथेच थांबतात. जुलैत त्याला झटका आला, त्यात त्याने रंग खाल्ले, म्हणून रंगच काढून घेतले आणि कित्येक आठवडे त्याचं काम ठप्प झालं, हे कुणी सांगत नाही. बागेतली आयरिसची फुलं, ती चांदण्यांची रात्र, हे सगळं झटक्यांच्या मधल्या, भानावरच्या दिवसांतलं. आजाराने त्याला चित्रं दिली म्हणतात. मला तर आजाराने गिळलेले दिवसच दिसतात.

चित्रकार यायोई कुसामा मला जास्त जवळची वाटते. जपानमधल्या मात्सुमोतोची, जन्म 1929चा. लहानपणी टेबलावरच्या कापडातली लाल फुलं तिला छतावर, भिंतींवर, स्वतःच्या अंगावर पसरत गेलेली दिसायची. घाबरलेल्या त्या मुलीने पुढे तेच ठिपक्याठिपक्यांनी रंगवलं. 1977मध्ये ती आपणहून टोकियोच्या मनोरुग्णालयात राहायला गेली. जवळच स्टुडिओ. दिवसा तिथे काम, रात्री परत रुग्णालयात, असं तिने वर्षानुवर्षं केलं. भास आपोआप येत असतील, पण ठिपका कुठे द्यायचा आणि केवढा द्यायचा, ते तिचा हातच ठरवत होता. उपचार आणि काम तिने एकमेकांच्या आड येऊ दिले नाहीत.

तुला रात्री तीनला सुचायला लागलं, कागदामागून कागद भरायला लागले, तर सावध हो. झोप उडाली की मला कळव. त्या रात्रीचं काही फाडू नकोस, कुणाला पाठवूही नकोस. तारीख टाकून ठेवून दे, आठवड्याने दोघी मिळून बघू. उदास दिवसांत कागद कोरा राहिला तर राहू दे गं, त्याचा हिशोब कुणी मागत नाही. आणि प्रदर्शनात आजाराचं नाव सांगायचं की नाही, ही सर्वस्वी तुझी मर्जी. कुणी भरीला घातलं म्हणून सांगू नकोस.

मनात नको ते विचार आले तर मध्यरात्रीही मला उठव. माझा फोन लागला नाही तर 14416 लाव. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे. चोवीस तास चालते, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. मंगळवारी तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे मी येते. तोवर एकही गोळी चुकवायची नाही, कळलं?