पोटरीतला गोळा आणि पाळीतली कळ : एकाच पाठात समजावून सांगू



"पायात गोळा आला" हे आपण चारचौघांत मोठ्यानं सांगतो. खो-खो खेळताना एखादं पोरगं पोटरी धरून खाली बसलं, तर दहा जण धावत येतात. पण "पाळीमुळं पोट दुखतंय" हे वाक्य वर्गात कधी ऐकू येत नाही. मुलगी "डोकं दुखतंय" म्हणते आणि घरी जाते. खरं पाहिलं तर ही दोन्ही दुखणी एकाच जातीची आहेत. दोन्हींत स्नायू आवळतो आणि म्हणून दुखतं. एक दुखणं उघड सांगायचं आणि दुसरं लपवायचं, याला शास्त्रात काही आधार नाही. आजच्या लेखात दोन्ही सोबत समजून घेऊ.

१) स्नायूत गोळा का येतो?

स्नायूचं काम आकुंचन पावणं आणि पुन्हा सैल होणं. काही वेळा तो आवळतो आणि सैलच होत नाही. हात लावला तर कडक गाठ लागते. यालाच आपण गोळा, पेटका किंवा वांब म्हणतो. नेहमीची कारणं अशी :

• सवय नसताना एकदम जास्त धावणं, खेळणं किंवा दिवसभर उभं राहून काम करणं.
• उन्हात खूप घाम जाणं. घामासोबत पाणी जातं तसं मीठही जातं. आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत शेतात राबणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो.
• बराच वेळ एकाच स्थितीत बसणं, उदाहरणार्थ मांडी घालून.
• गरोदरपण आणि उतारवय. यात रात्री झोपेत पोटरीत गोळे येतात.
• मधुमेह, थायरॉईड किंवा काही औषधं, जसं की लघवी जास्त होण्याच्या गोळ्या.

गोळा आला की काय करायचं? खाली बसा, गुडघा सरळ करा, पायाची बोटं हातानं आपल्या अंगाकडं ओढा आणि अर्धा मिनिट तसंच धरा. स्नायू ताणला की तो सैल पडतो. मग हलक्या हातानं चोळा आणि गरम कपड्यानं शेका. घाम गेला असेल तर सावलीत बसवून ओआरएस, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा मिठाचं ताक द्या. पाय झटकणं, त्यावर उड्या मारणं टाळा. उन्हात गोळ्यांसोबत चक्कर, उलटी किंवा बरळणं सुरू झालं, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच अंग गार करा आणि दवाखाना गाठा.

२) पाळीत कळा का येतात?

गर्भाशय हासुद्धा स्नायूंचाच अवयव आहे. फरक एवढाच की तो आपल्या इच्छेनं हलत नाही. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळं गर्भाशय आवळतं आणि अस्तर बाहेर टाकतं. आवळताना स्नायूचा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी होतो, तेव्हा कळ येते. ज्या मुलीत ही रसायनं जास्त बनतात, तिला जास्त दुखतं. कुणाला कंबर, मांड्या दुखतात, कुणाला मळमळतं किंवा जुलाब होतात. म्हणजे ही मुलगी नाटक करत नाही आणि नाजूकही नाही. तिच्या शरीरात हे खरंच घडत असतं.

साधारणपणे दुखणं पाळीच्या थोडं आधी किंवा पाळीसोबत सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत थांबतं. पहिली पाळी आल्यावर लगेच न दुखता वर्षभरानं दुखू लागलं, असंही बऱ्याचदा होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

३) आराम कशानं मिळतो?

• शेक : ओटीपोटावर आणि कमरेवर गरम पाण्याची पिशवी. पिशवी नसेल तर बाटलीत गरम पाणी भरा, टॉवेल गुंडाळा. कातडीवर थेट ठेवू नका, भाजतं.
• हालचाल : चालणं, हलका व्यायाम, गुडघे पोटाशी घेऊन पडणं. "पाळीत हलायचंच नाही" हा समज चुकीचा आहे. मात्र जबरदस्तीही नको.
• जेवण, पाणी आणि झोप : उपाशी राहिल्यानं अशक्तपणा वाढतो.
• गोळी : आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक अ‍ॅसिड ही औषधं ती रसायनं तयार होणंच कमी करतात. म्हणून दुखणं सुरू होताच, जेवणानंतर घेतली तर जास्त उपयोग होतो. पहिल्यांदा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. दमा, किडनीचा त्रास किंवा पोटात अल्सर असेल तर आधी सांगावं. महिन्यातून दोन दिवस अशी गोळी घेतली म्हणून तिची सवय लागत नाही की पुढं मूल व्हायला अडचण येत नाही.

४) दवाखान्यात केव्हा न्यायचं?

• गोळी, शेक घेऊनही मुलगी दर महिन्याला शाळा बुडवते.
• दुखणं महिन्यागणिक वाढत जातं किंवा पाळी नसतानाही दुखतं.
• पॅड तासा-दोन तासाला भिजतं, मोठ्या गाठी जातात किंवा रक्तस्राव आठ दिवसांच्या पुढं जातो.
• ताप येतो किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जातं.
• पाळी सुरूच झालेली नाही, पण दर महिन्याला ठराविक दिवशी पोट दुखतं.

५) दुखणं लपवल्याची किंमत

हा विषय "बायकांचं नेहमीचं" म्हणून सोडला की काय होतं, हे आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यानं दाखवलं आहे. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढल्याचं आढळलं.

फडावर एक खाडा झाला की पैसे कापले जातात. उचल फेडायची असते. पाणी नाही, आडोसा नाही, आरामाला जागा नाही. अशात पाळीचं दुखणं, अंगावरून जाणं घेऊन बाई डॉक्टरकडं जाते आणि "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" असं ऐकून येते. पण कटकट मिटत नाही. गर्भाशयासोबत बीजांडकोशही काढले तर ऐन तारुण्यात पाळी जाण्याचे त्रास सुरू होतात आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. ज्या तक्रारी औषधानं बऱ्या होऊ शकतात, त्यासाठी आधी तपासणी आणि औषध हवं. शस्त्रक्रिया सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. लातूर-नांदेडच्या तांड्यांवरूनही कुटुंबं कोयता घेऊन जातात. त्यांच्या मुली आपल्याच शाळेत शिकतात, म्हणून हे शिक्षकाला माहीत असायला हवं.

६) शाळेत आणि घरी काय करता येईल?

आपल्या अभ्यासक्रमात मासिक पाळीचा सविस्तर भाग दहावीच्या विज्ञानात येतो. पाळी मात्र सहावी-सातवीतच सुरू होते. तीन-चार वर्षं मुलगी अंदाजावर काढते. यावर सोपा मार्ग आहे. सातवीत स्नायूंचा पाठ आहेच. अनैच्छिक स्नायू शिकवताना जठर, आतडं यांच्यासोबत गर्भाशयाचंही नाव घ्या आणि "पोटरीत गोळा येतो तसंच तिथंही होतं" एवढं एक वाक्य सांगा. मुलं-मुली दोघांसमोर सांगा. मुलांना कारण कळलं की चिडवणंही कमी होतं.

याशिवाय शाळेत एक गरम पाण्याची पिशवी, चार पॅड, पडायला एक सतरंजी आणि कडी लागणारं स्वच्छतागृह असावं. गोळी मात्र शाळेनं आपल्या मनानं देऊ नये. आठवड्याची लोहाची निळी गोळी मुली खरंच खातात का, याकडं लक्ष द्यावं. जास्त रक्त जाणाऱ्या मुलीला रक्तक्षयाचा धोका असतो. शंका असल्यास आशाताईंशी बोलावं, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पाठवावं.

पालकांनो, विशेषतः वडिलांनो, मुलगी पाय धरून बसली तर तुम्ही "कुठं दुखतंय गं?" म्हणून विचारता. ती पोट धरून बसली तरी तसंच विचारा. कॅलेंडरवर पाळीची तारीख आणि दुखण्याचे दिवस लिहायला तिला शिकवा. तीन-चार महिन्यांची ही नोंद सोबत नेली, तर डॉक्टरांना निदान करायला फार मदत होते.