स्कर्व्ही : एका शब्दाचा अभ्यास

पाठ : लेवीय २१:२०

ह्या वचनांत, वेदीजवळ सेवा करणाऱ्या याजकाच्या अंगीं कोणते दोष नसावे, हें सांगितलें आहे. इ. स. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत तेथें 'स्कर्व्ही' हा शब्द येतो. शाळेंत तर आपलीं मुलें असें शिकतात कीं, स्कर्व्ही म्हणजे हिरड्यांतून रक्त येण्याचा रोग. मग मोशेच्या नियमशास्त्रांत हिरड्यांचा रोग कोठून आला? वाचकहो, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. रोगाचें नांव चुकलें म्हणजे औषध चुकतें, आणि कधीं कधीं माणसाची अब्रूही जाते.

पहिला अर्थ असा. इंग्रजींत 'स्कर्फ' म्हणजे कातडीवरील कोंडा किंवा खपली. त्यावरून, ज्याच्या अंगावर खपल्या आहेत तो 'स्कर्व्ही', असें विशेषण झालें. पुढें त्यास 'हलकट' असाही अर्थ चिकटला. वरील वचनांतील मूळ इब्री शब्द खरजेसारख्या कातडीच्या रोगाचा आहे. तेथें हिरड्यांचा कांहीं संबंध नाहीं.

दुसरा अर्थ गलबतांवरील आहे. महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजत, दांत हलत, अंगावर काळेनिळे डाग पडत, जुन्या जखमा पुन्हां उघडत, आणि पुष्कळ मरत. ह्या रोगासही स्कर्व्ही हेंच नांव पडलें. इ. स. १७४७ मध्यें जेम्स लिंड ह्या डॉक्टरानें १२ आजारी खलाशांस दोघांदोघांच्या जोड्या करून निरनिराळे उपचार दिले. ज्या दोघांस संत्रीं व लिंबू मिळालें, ते सर्वांआधीं बरे झाले. त्यांतील गुणकारी द्रव्य म्हणजे क जीवनसत्त्व. त्याच्या 'अॅस्कॉर्बिक' ह्या नांवाचा अर्थच मुळीं 'स्कर्व्ही होऊं न देणारें' असा आहे.

आतां मराठीकडे वळूं. वैद्यकांत 'रक्तपित्त' म्हणजे नाकातोंडांतून किंवा अन्य वाटेनें रक्त जाणें. परंतु 'रक्तपिती' हें महारोगाचें नांव आहे. हे दोन शब्द कानास जवळजवळ सारखेच लागतात. समजा, एखाद्या म्हाताऱ्या विधवेच्या हिरड्यांतून रक्त येतें, आणि कोणी म्हणतो, 'हें रक्तपित्त दिसतें.' शेजारीण ऐकते 'रक्तपिती'. संध्याकाळपर्यंत त्या बाईचा तांब्या वेगळा होतो. ह्यांत दुहेरी अन्याय आहे. स्कर्व्ही एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. आणि महारोगही औषधानें पूर्ण बरा होतो, म्हणून त्या रोग्यासही दूर लोटूं नये.

स्कर्व्ही ही उणीव आहे, हें आपल्याच शिपायांच्या दुःखावरून कळतें. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांनीं कूत शहरास वेढा घातला होता. आंत अडकलेल्या सैन्यांत मराठा पलटणी होत्या. ताजी भाजी संपली. गोरे शिपाई घोड्याचें मांस खात. हिंदी शिपायांनीं तें पुष्कळ दिवस नाकारलें, आणि त्यांच्यांत स्कर्व्ही पसरली. तो शाप नव्हता, कीं साथही नव्हती. ताज्या अन्नाचा तो दुष्काळ होता. पुढें इ. स. १९१९ मध्यें हॅरिएट चिक ह्या बाईंनीं प्रयोगानें दाखविलें कीं, कोरड्या कडधान्यानें स्कर्व्ही टळत नाहीं, पण तेंच भिजवून मोड आणल्यास टळते.

आमच्या खानदेशांत कडक उन्हाळ्यांत गरिबाच्या ताटांत भाकरी, डाळ व वाळवलेली भाजी एवढेंच उरतें. ह्यांत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतें. तें वाळवण्यानें व फार शिजवण्यानें नाश पावतें. एक ते तीन महिने तें मुळींच न मिळाल्यास रोग दिसूं लागतो. आणि दिवसाला १० मिलिग्रॅम मिळालें तरी तो टळतो. एवढें एका लिंबाच्या रसांत मिळतें. पेरू, आवळा, कच्ची कोथिंबीर, हिरवी मिरची, शेवग्याचा पाला ह्यांत तें विपुल आहे. रावेर-यावलच्या केळ्यांत थोडें आहे. चिंच आंबट खरी, पण तिच्यांत तें फारच कमी. तेव्हां आंबटपणावरून फसूं नये. एकटीं राहून चहा-भाकरीवर दिवस काढणारीं वृद्ध माणसें, आणि केवळ उकळलेल्या दुधावर वाढणारीं बालकें, ह्यांकडे विशेष लक्ष द्यावें.

मात्र हिरड्यांतून रक्त आलें म्हणजे स्कर्व्हीच, असें नाहीं. दांतांची अस्वच्छता व इतर रोग ह्यांनींही रक्त येतें. म्हणून रोग्यास आरोग्य केंद्रांत न्यावें, आणि तोंवर त्यास कोणतेंही नांव ठेवूं नये.

उजळणीसाठीं प्रश्न :
१. लेवीय २१:२० मधील रोग कोणता?
२. रक्तपित्त व रक्तपिती ह्यांत भेद काय?
३. आपल्या गांवांत एकटें जेवणारें कोण आहे, आणि त्याच्या ताटांत ह्या आठवड्यांत ताजें काय होतें?